खिडक्या बंद का असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या घरी पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "इतकी छान गॅलरी, आणि दारं-खिडक्या बंद का?"

आमची चाळ गिरगावात, रस्त्याला लागून. दुसरा मजला. पुढे गॅलरी, मागे खिडकी. दोन्ही उघडली की वारा आरपार. ही घरं बांधली तीच वाऱ्याच्या भरवशावर. दोन खोल्यांत आम्ही आठ जण मावायचो ते गॅलरी होती म्हणून. आजी तिथे तांदूळ निवडायची, आजोबा उन्हाळ्यात तिथेच चटई टाकायचे, आणि आईच्या समोरच्या काकूंशी गप्पा या गॅलरीतून त्या गॅलरीत चालायच्या. आज काकू समोर दिसत असतात तरी मला त्यांना फोन करावा लागतो.

रस्ता मात्र आजीच्या काळात होता तेवढाच रुंद आहे. दोन्हीकडे तीन-चार मजली चाळी, त्यामुळे धूर चटकन निघून जात नाही आणि हॉर्न भिंतींवर आदळत राहतो. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. तिचाही खडखडाट होता, पण आजी म्हणायची, रात्री ती झोपायची. निवासी भागासाठी नियम दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलचा आहे. आमच्याकडे साडेअकराला मालाचे टेम्पो रिव्हर्स घेत असतात. संध्याकाळी कठड्यावरून ओलं फडकं फिरवलं तर काळं आणि चिकट निघतं. तेच छातीत जातं, म्हणून खिडक्या बंद.

मोहम्मद अली रोडवरच्या लोकांचं तर याहून कठीण. २००२ साली जे.जे. उड्डाणपूल आला आणि वाहतूक थेट वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून जाऊ लागली. पूल बांधताना त्या खिडक्यांमागे कुणी झोपतं, हे किती जणांच्या मनात आलं असेल?

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आमच्या मागच्या वाडीतली आहे. आम्ही लगोरी खेळायचो त्या बोळात आता दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका आजोबांना रात्री धाप लागली. ॲम्ब्युलन्स वाडीच्या तोंडाशीच अडकली. मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, गाड्यांच्या मधून आडवंतिडवं होत बाहेर आणलं. आजोबा वाचले. तो रस्ता पार करायला लागलेला वेळ मी विसरू शकत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगावमार्गे कफ परेडपर्यंत सुरू झाली. मला तिची मनापासून आशा आहे. फक्त वाडीत उभ्या असलेल्या गाड्या तिने आपोआप हलणार नाहीत. त्यासाठी निदान बोळाची एक बाजू मोकळी ठेवावी लागेल, आणि ते आम्हालाच ठरवावं लागेल.

आमची गॅलरी बघायचीच असेल तर पहाटे साडेचारला या. तेव्हा मी दोन्हीकडचं उघडते. वारा आत येतो, पडदा हलतो. पाचच्या सुमाराला पहिली बस जाते, तोवर चहा होतो आपला.