आमची वाटचाल : वागळे इस्टेटचं जॉबवर्क ते डिजिटल पासपोर्ट

बाबांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटला जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांचा माल मजुरीवर करून द्यायच्या कामावर, सुरुवात केली, पुढे आम्ही रबाळे एमआयडीसीत गाळा घेतला आणि कॉटनचे शर्ट, लेडीज टॉप थेट युरोपला पाठवायला लागलो. मधली वर्षं सगळ्यांची असतात तशीच, पेमेंट अडकणं, कारागीर गावी जाणं, त्यावर काही लिहीत नाही. लिहायचंय ते डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टबद्दल, कारण आमच्या धंद्याला खरं वळण त्याने लावलं.

युरोपियन युनियनचा इकोडिझाइनचा नवा कायदा १८ जुलै २०२४ ला अंमलात आला. त्याखाली ज्या ज्या मालासाठी नियम येतील त्याला क्यूआर कोडसारखी खूण, आणि ती स्कॅन केली की माल कशाचा, त्यात काळजीची केमिकल्स कोणती, दुरुस्ती-रिसायकलिंग कसं, अशी माहिती दिसायला हवी, हाच तो डिजिटल पासपोर्ट. युनियनच्या एप्रिल २०२५ च्या आराखड्यात कपडे पहिल्या रांगेत आहेत, कपड्यांचा वेगळा नियम २०२७ च्या सुमारास यायचाय आणि त्यानंतर तयारीला साधारण दीड वर्ष मिळेल. म्हणजे वेळ आहे असं वाटतं, पण बायर लोक थांबलेले नाहीत, आमच्या बायरचा मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डर सांभाळणारा माणूस, आत्ताच प्रत्येक ऑर्डरला लॉटची माहिती मागतो.

कायद्याने जबाबदारी तिकडे माल बाजारात आणणाऱ्याची, म्हणजे बहुतेक वेळा इम्पोर्टरची, पण त्याच्याकडे माहिती येणार कुठून? आपल्याकडूनच ना! आणि ती शेवटी लेबल शिवताना जमवता येत नाही, सूत आलं तिथपासूनच धरावी लागते. म्हणून आम्ही ताग्यापासून सुरुवात केली, प्रत्येक ताग्याला नंबर, तोच नंबर कटिंगच्या शीटवर, तोच बंडलच्या चिठ्ठीवर, तोच पॅकिंग लिस्टला. आमच्या कटिंग मास्टरने ही पद्धत इतकी मनावर घेतली की आता चिठ्ठी नसलेला बंडल लाइनवर जातच नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते भिवंडीत. ग्रे कापड, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड, देणारे आमचे व्यापारी, वर्षानुवर्षांचे संबंध, पण यार्न (सूत) कुठून घेता विचारलं की गप्प. त्यांची भीती खोटी नाही, उद्या बायरने त्यांना बाजूला सारून थेट गाठलं तर त्यांनी काय करायचं? आम्ही परत परत जाऊन बसलो, सांगितलं की पासपोर्टमधली सगळी माहिती सगळ्यांना दिसत नाही, गिऱ्हाइकाला वेगळी, सरकारी तपासणीवाल्यांना वेगळी, अशी सोय कायद्यातच आहे. मग एकाने चलानवर यार्नचा लॉट नंबर लिहायला सुरुवात केली, हळूहळू बाकीचेही आले. डाइंगवाल्यांकडून केमिकलची यादी मिळवणं अजून चालूच आहे.

माझं स्पष्ट मत आहे, या सगळ्याचा खर्च एकट्या छोट्या युनिटवर पडू नये, रेट ठरवतानाच बायरकडे हा विषय काढायला हवा. आम्ही काढला, थोडं ऐकलं गेलं. पण हे काम एकट्या युनिटच्या बोलण्याने व्हायचं नाही. रबाळे, महापे, तुर्भेला जे कोणी कपडे शिवून युरोपला पाठवतात त्यांनी जरूर या, आमची ताग्यांची शीट बघा, हवी तर कॉपी घेऊन जा, आणि डाइंगवाल्यांकडे केमिकलची यादी मागायला आपण एकत्रच जाऊ.