डबल ढोलकी

शनिवार, नोव्हेंबर. रात्रीचे साडेअकरा.

आज पोराला ग्रुपमधून काढलं. सातवीत आहे. त्याच्याकडं स्वतःचा फोन नाही, सगळं बायकोच्या फोनवरून चालतं, त्यामुळं आम्हाला कळलं तरी, नाहीतर कळलं पण नसतं. त्याच्या वर्गात टर्फवर खेळायला जाणाऱ्या पोरांच्या दोन टीम आहेत आणि दोन्हींचे वेगळे व्हॉट्सॲप ग्रुप, हा दोन्हीकडं. कुणीतरी एका ग्रुपमधला स्क्रीनशॉट दुसरीकडं टाकला. मी नाही टाकला म्हणतो, आणि माझा विश्वास आहे, पण दोन्हीकडं असलेला हा एकटाच, मग नाव दुसऱ्या कुणाचं येणार? काढायच्या आधी एकानं लिहिलं होतं, 'डबल ढोलकी'.

ते वाचून मला हसू आलं. बायकोनं असं बघितलं की मी मुकाट्यानं ताट उचलून आत गेलो. पण हसू येणारच ना, मला हे नाव २००२ सालीच मिळालंय. आणि तेही फुटबॉलवरूनच.

कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही, पण आमच्याकडं पोरगं आधी पेठेचं असतं, मग आईबापाचं. तालमी मूळच्या कुस्तीच्या, पण त्याच तालमींचे, मंडळांचे फुटबॉल संघ. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम. मंगळवार पेठेत पाटाकडील, प्रॅक्टिस, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर संध्याकाळी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतच निकाल कळायचा, हरलेल्या पेठेतली पोरं माना खाली घालून उशिरा यायची आणि सरांचा मार पण गप खायची, कारण तो मार बरा, पोरांचं बोलणं नको.

माझं घर शिवाजी पेठेत आणि आजोळ मंगळवार पेठेत. चालत पंधरा मिनिटं. बाबांबरोबर मॅचला गेलो की शिवाजीवाल्यांत बसायचो, मामाबरोबर गेलो की पाटाकडीलवाल्यांत, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडं बसून दोन्हीकडं घसा बसेपर्यंत ओरडलोय. आज्जीला याचं काही वाटायचं नाही, ती म्हणायची, "पोरगं जिकडं जेवतंय तिकडचं गातंय." तेव्हा मला हे कौतुक वाटायचं!

वर्गात भिंतीकडची रांग शिवाजी पेठेची आणि खिडकीकडची मंगळवारची. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं. मी मधल्या रांगेत. छोट्या सुट्टीत डबा खिडकीकडं आणि मोठ्या सुट्टीत भिंतीकडं. भिंतीकडं बोलताना 'आपल्या पेठेत', खिडकीकडं बोलताना 'आमच्या मामाकडं'. इकडची शिवी तिकडं सांगायची नाही, तिकडचा टोमणा इकडं आणायचा नाही, आणि दोघांनी एकदम हाक मारली तर पाणी प्यायला जायचं. त्या वर्षी मी किती पाणी प्यायलो असेन.

सातवी सुरू झाली तीच वर्ल्डकपमध्ये. जपान-कोरियातला, त्यामुळं मॅच आपल्याकडं दुपारच्या. ब्राझील-इंग्लंड २१ जूनला, शुक्रवारी बरोबर दुपारी बाराला, आणि त्या दिवशी दोन्ही पेठांतल्या अर्ध्या पोरांच्या पोटात दुखत होतं. अर्जेंटिना पहिल्याच राऊंडला बाहेर गेली तेव्हा दोन्ही पेठांतले अर्जेंटिनावाले एका बाकावर बसून सुतकात होते, तेवढे चार दिवस मला पाणी प्यायला जावं लागलं नाही. फायनलनंतरच्या सोमवारी तर मजाच झाली. रोनाल्डोनं पुढं तेवढा केसांचा त्रिकोण ठेवलेला, आठवतोय का? तसाच कट मारून एक पोरगं शिवाजी पेठेतनं आलं आणि एक मंगळवारातनं. सरांनी दोघांना व्हरांड्यात शेजारी शेजारी उभं केलं. दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत पठ्ठे.

मग थंडीत पेठांचा सीझन सुरू झाला आणि सगळं परत जागच्या जागी गेलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की गांधी मैदानावर वर्गातल्या पेठापेठांची मॅच ठरली. मी शिवाजीकडनं, घर तिथं म्हणून. मला गोलीत उभं केलं, कारण गोलीत उभं राहायला कुणालाच आवडत नाही आणि माझ्यावर पुढं खेळवण्याइतका कुणाचा भरवसा नव्हता. दोन दप्तरं इकडं, दोन दप्तरं तिकडं, झाले गोल. १-१ होती. शेवटी शेवटी त्यांच्या एकानं लांबनं मारला, फार जोरात पण नव्हता, सरळ माझ्याकडं आला, मी खाली वाकलो आणि बॉल पायातनं मागं. संपलं.

भिंतीकडच्यातलं कुणी ओरडलं पण नाही. एकजण नुसता जवळ आला, "सोडलास न्हवं?"

आईशप्पथ घेतली, गळ्याला हात लावला, गुडघा फुटलेला दाखवला. कुणी काही बोललं नाही, दप्तरं उचलून गेले सगळे. मी रडत घरी आलो. माझ्या बाकावरचा एकजण होता, त्याला आपण पिंट्या म्हणू, तो भिंतीकडच्यांतलाच पण उंचीमुळं मधल्या रांगेत बसवलेला, तो माझ्या मागं मागं घरापर्यंत आला, बोलला काही नाही, आमच्या दारातनं परत गेला.

इथपर्यंत मी बिचारा आहे. आता पुढचं.

सोमवारी छोट्या सुट्टीत खिडकीकडच्यांनी मला मधी घेतलं. एकानं खांद्यावर हात टाकला, "मानलं भावा, आजोळाला जागलास." शाळा सुटल्यावर मला भेळ खायला घेऊन गेले, पैसे त्यांचे. आणि मी काय केलं? हसलो. असं हसलो की 'जाऊ दे रे, त्यात काय एवढं.' नाही म्हणालो नाही. तो बॉल मी सोडला नव्हता, पायातनं गेला होता, हे सांगायला दोन सेकंद लागले असते, पण त्या दोन सेकंदांत भेळ पण गेली असती आणि खांद्यावरचा हात पण. शनिवारपासून पहिल्यांदा कुणीतरी बरं बोलत होतं ना माझ्याशी.

मंगळवारी प्रार्थनेच्या आधीच भिंतीकडं बातमी पोचलेली, भेळेसकट. तेव्हा पडलेलं नाव वार्षिक परीक्षेपर्यंत टिकलं. मधल्या सुट्टीत बाकावर दोन हातांनी ठेका धरायचे आणि मी आलो की थांबवायचे. सरांना वाटायचं पोरांना संगीताची आवड लागली.

पिंट्यानं तेवढं दोनच दिवसांनी विचारलं. तो मला रडताना बघितलेला एकटा माणूस, त्यानं भिंतीकडं जाऊन माझ्या बाजूनं सांगितलं असतं. म्हणाला, "सोडला न्हाईस ते म्हाईत हाय मला. मग भेळ का खाल्लीस?"

मी पाणी प्यायला गेलो.

पिंट्याशी अजून बोलणं आहे, वर्गाच्या जुन्या ग्रुपवर. २०१७ ला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडनं अंडर-१७ वर्ल्डकप खेळला तेव्हा त्या ग्रुपवर भिंत, खिडकी सगळीकडनं एकच फोटो पडत होता. पण पेठांची मॅच असली की अजून तसंच, चाळिशीला आलेले बाप्ये इमोजीनं मारामाऱ्या करतात आणि मी मोबाईल उलटा ठेवतो.

तर आज रात्री पोराच्या खोलीत गेलो, हे सगळं सांगितलं, भेळेसकट. तो ऐकत होता. मग मी विचारलं, तो स्क्रीनशॉट पडला तेव्हा तू काय लिहिलंस? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काही नाही लिहिलं. हसायचा इमोजी टाकला."

कुठल्या ग्रुपवर?

"दोन्ही."

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड कुठाय मला. पांघरूण सारखं केलं आणि दिवा बंद करायला उठलो तर त्यानं विचारलं, "पप्पा, मग तुम्हाला परत कधी घेतलं त्यांनी?"

खरं तेच सांगितलं. घेतलं असं नाही, आठवीत तुकड्या बदलल्या.

त्याला हे अजिबात आवडलं नाही. "आठवीला अजून सात महिने आहेत," म्हणाला आणि कूस बदलली.