नागपूरची थंडी आणि सकाळची पहिली डिटेल

"नागपुरात कुठं थंडी राहते जी, एक हाफ स्वेटर पुरे" असं फोनवर सांगणाऱ्याचं ऐकू नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या स्पर्धेच्या दिवशी, शहराबाहेरच्या नेमबाजीच्या उघड्या रेंजवर सकाळी साडेसातला पारा ८ अंशांवर होता आणि दुपारी दीडला २८ वर. २९ डिसेंबर २०१८ ला तर या शहरानं ३.५ अंशही पाहिलेत. कुडकुडणं सहन होतं. एअर रायफल बेंचरेस्टला (हवेच्या दाबावरची बंदूक टेबलावर टेकवून करायच्या नेमबाजीला) मारते ती एकाच दिवसातली वीस अंशांची उडी. सकाळी लावलेला झिरो, म्हणजे नेम नि छर्रा जुळवलेली स्कोपची बैठक, दुपारी उपयोगाचा राहत नाही, आणि आदल्या दुपारी लावलेला झिरो सकाळी तर अजिबातच नाही.

बंदूक, फ्रंट रेस्ट (पुढचा टेकू), मागची वाळूची बॅग आणि वारा दाखवणारे पंख्याचे फ्लॅग तुमच्याकडे आहेत आणि तुम्ही २५ मीटर आधी खेळला आहात, असं धरून लिहितो आहे. प्रकार लाइट व्हार्मिंट: १२ फूट-पाउंड, एका कार्डावर २५ लक्ष्यं, प्रत्येकावर एकच छर्रा, कमाल २५० गुण, वेळ ३० मिनिटं, साइटर (गुण न धरले जाणारे अंदाजाचे शॉट) हवे तेवढे. १२ फूट-पाउंड म्हणजे साधारण १६.३ ज्यूल. ०.१७७ बोअरची बंदूक आपल्याकडे २० ज्यूलपर्यंत विनापरवाना चालते, त्यामुळे बहुतेकांकडे हाच प्रकार असतो.

पहिल्या डिटेलबद्दल (डिटेल म्हणजे नेमबाजांची एक पाळी) सविस्तर सांगतो, कारण आमचं सगळं नुकसान तिथंच झालं.

साडेसातला रेंजवर धुक्याचा पातळ थर होता आणि फ्लॅगचे पंखे ठप्प. कुणीही म्हणेल, हवा पडली आहे, आता झपाट्यानं कार्ड उरकून घ्या. हीच चूक होते. रात्री थंड झालेली जड हवा उताराकडे हळूहळू सरकत असते आणि या रेंजच्या डाव्या अंगाला नाला आहे, म्हणजे ती तिकडेच वाहते. हा वारा सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा नसेल. गालाला कळत नाही, आणि पंख्याच्या बेअरिंगचं ग्रीस थंडीत घट्ट झालेलं असतं, त्यामुळे पंखाही फिरत नाही. पण ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला २४४ मीटरनं सोडला, तर अर्ध्या मीटरचा आडवा वारा त्याला २५ मीटरवर साडेतीन मिलिमीटर सरकवतो. फ्लॅग उभे आणि छर्रे एका बाजूला नऊच्या रिंगमध्ये, असं दिसलं की माणूस स्कोपला दोष देतो, क्लिक फिरवतो आणि पुढची दहा लक्ष्यं घालवतो.

उपाय साधा आहे. पंख्याच्या फ्लॅगबरोबर प्रत्येक खांबाला लोकरीचा एकेरी धागा वीतभर लोंबता बांधा. धागा जिकडे कलेल तिकडे हवा चालली आहे. सरावाच्या वेळेत बेंचजवळ उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघा; नाल्याकडची ओढ दोन मिनिटांत डोळ्यांना दिसते. स्पर्धेच्या वेळी मात्र रेंज अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय लावू नका. पंख्यांचं बेअरिंग घरीच पेट्रोलनं धुऊन कोरडं करा, ग्रीस भरू नका. आणि बेंचजवळच्या फ्लॅगला सगळ्यात जास्त मान द्या, कारण सुरुवातीलाच वळलेला छर्रा पुढं सगळं अंतर त्याच कोनात जातो.

सूर्य वर आला की साडेनऊच्या सुमारास हा थर फुटतो. पंधरा-वीस मिनिटं वारा कुठूनही येतो, आणि मग मात्र खरा, दिसणारा वारा सुरू होतो. तो त्या सकाळच्या मुकाट ओढीपेक्षा कितीतरी सोपा आहे. डिटेल निवडायची मुभा मिळाली तर पहिली घेऊ नका. दहानंतरची घ्या.

आता बंदुकीच्या नळीत दाबाची हवा भरण्याबद्दल. रेंजच्या फाटकाबाहेर एक जण मोठ्या सिलिंडरवरून भरून देतो. एका भरणीचे ५०० रुपये घेतो आणि काम वाईट करतो. चाळीस सेकंदांत काट्यावर २०० बार (बार हे दाबाचं माप) दाखवून मोकळा. इतक्या वेगानं भरलं की नळी हाताला गरम लागते, आणि गरम हवेचा आकडा फुगलेला असतो. दहा मिनिटांत तो १८५ वर येतो, आणि "पुन्हा भरायचे वेगळे लागतील" असं उत्तर मिळतं. हे पैसे देऊ नका. स्वतःचं सिलिंडर गाडीतून आणा, किंवा सोबतच्या कुणाबरोबर भागीत आणा. २०० बारपर्यंत चढवायला निदान चार-पाच मिनिटं घ्या, मध्ये थांबा, नळी हातानं चाचपा.

आदल्या दुपारी २८ अंशांत बरोबर २०० बार भरून ठेवली, तरी सकाळी ८ अंशांत काटा १८७ च्या आसपास दिसेल. ती गळती नाही, ओरिंग (हवा अडवणारी रबरी कडी) उघडत बसू नका. साध्या गणितात दर सेल्सिअस अंशाला पाऊण बारपेक्षा थोडं कमी जातं. कार्डावरचे २५ आणि साइटर पंचवीस-तीस धरले आणि तुमची बंदूक शॉटला एक बार खात असेल, तर १८७ वरून सुरू केलेली डिटेल १३२ ते १३७ वर संपते. रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला दाब सारखा ठेवणारा भाग) १२० वर लावला असेल तर काठावर आलात. हे सकाळी उठून नव्हे, आदल्या रात्री मोजा.

याची उलटी बाजू धोक्याची आहे. सकाळच्या थंडीत काटा २०० ला टेकवून बंदूक उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि डिकी ४५ अंशांवर गेली, तर तोच काटा २२७ च्या आसपास जातो. नळीची मर्यादा तिच्यावर कोरलेली असते, ती वाचा. डिकीत ठेवायची असेल तर सकाळी १७० वरच थांबा.

हातपंपानं किंवा छोट्या कॉम्प्रेसरनं भरणाऱ्यांनी पाणी काढण्यावर लक्ष द्यावं. हवा दाबली की तिच्यातली जवळजवळ सगळी वाफ पाणी होते, आणि धुक्याच्या सकाळी हवा ओलीच असते. फिल्टरमधला सिलिका जेल रंग बदलला की भाजून घ्या, ड्रेन दर काही मिनिटांनी उघडा. एक थेंब रेग्युलेटरच्या सीटवर बसला की पहिला शॉट वर आणि पुढचे खाली, असा खेळ सुरू होतो.

वेगाचं असं. बहुतेक रेग्युलेटरवाल्या बंदुका थंडीत मंदावतात. हॅमर म्हणजे हवेच्या व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणारा भाग; त्याच्यावरचं ग्रीस घट्ट होतं, हॅमर सावकाश येतो आणि व्हॉल्व्ह कमी उघडतो. काही बंदुका उलट वागतात, म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. घरी क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ८, १५, २२ आणि २८ अंशांना प्रत्येकी दहा शॉट मारा आणि आकडे स्टॉकवर (बंदुकीच्या दस्त्यावर) चिकटवा. २४४ वरून २३९ वर आलात तर २५ मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर खाली बसतो. थंड हवा ७ टक्के दाट असते, तिच्यामुळे आणखी अर्धा मिलिमीटरही जात नाही. म्हणजे बहुतेक दोष बंदुकीचाच. हॅमरचं ग्रीस पुसून टाका, कोरडं मॉली (मॉलिब्डेनमची वंगण पूड) चालतं. ओरिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा, आणि दाबाच्या हवेत खनिज तेल कधीही जाऊ देऊ नका, भडका उडतो.

मग बॅरल. हवेची नळी ॲल्युमिनियमची असेल तर ती पोलादी बॅरलपेक्षा जवळपास दुप्पट आकसते. चाळीस सेंटिमीटर लांबीवर वीस अंशांत दोघींत जवळजवळ ०.०९ मिलिमीटरचा फरक पडतो. दोघींना घट्ट बांधणारी पट्टी असेल तर बॅरल ओढलं जातं आणि नेम सरकतो. पट्टीचे स्क्रू सैल करून बॅरल मोकळं ठेवा, किंवा पट्टी काढूनच टाका. रेंजवर पोचल्यावर केस उघडून बंदूक सावलीत निदान पाऊण तास हवेशी जुळू द्या. या पाऊण तासाला पर्याय नाही.

स्कोपचं साइडव्हील (अंतराप्रमाणे फोकस लावायचं बाजूचं चाक) २५ मीटरच्या खुणेवर ठेवून निर्धास्त बसू नका. थंडीत पॅरलॅक्सची (डोकं हललं की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याच्या दोषाची) खूण सरकते. प्रत्येक डिटेलआधी डोकं वरखाली हलवून क्रॉसहेअर लक्ष्यावर हलते का ते बघा आणि व्हील नव्यानं लावा. उबदार खोलीतून काढलेला चष्मा नि आयपीस श्वासानं धुरकटतात. श्वास नाकानं खाली सोडा. दव पडलेली बंदूक गरम खोलीत नेताना केस बंदच ठेवा, नाहीतर काचांवर आणि बॅरलवर पाणी धरतं.

बॅगा रात्री रेंजवर टाकून येऊ नका. दवानं चामडं ओलं होतं, वाळू गुठळते आणि स्टॉक मागं सरकताना एकदा घसरतो, एकदा अडतो. वाळू घरी तव्यावर कोरडी करून चाळून भरा, चामड्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा.

ट्रिगर पन्नास ग्रॅमच्या आसपास असेल आणि बोट बधिर असेल तर पहिली स्टेज (शॉट सुटण्याआधीचा ट्रिगरचा हलका टप्पा) कळत नाही, शॉट मनाआधी सुटतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) लोकरी हातमोजे सहज मिळतात. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक कापून टाका. डिटेलच्या आधी दहा मिनिटं गरम पाण्याची बाटली हातात धरा. छर्ऱ्यांची डबी मात्र खिशात ऊब देऊ नका, बेंचवर हवेच्याच तापमानाला ठेवा. तर्री पोहे डिटेल संपल्यावर. तर्रीचं तेल बोटांना लागलं की साबणाशिवाय जात नाही, आणि ते छर्ऱ्यांना नि बॅगेला लागतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं होतं, वारा दिसत होता, सगळं सुरळीत गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

परतताना नळी १०० बारवर आणून ठेवा, आणि घरी पोचल्यावर बॅगांचं तोंड उघडून त्या दोन दिवस उन्हात ठेवा. आमच्या एका बॅगेत आठवड्यानंतरही ओल सापडली.