फॉर्म आठ, सासऱ्यांचं लाईट बिल आणि राष्ट्रपतीची निवडणूक

मतदार यादीतलं नाव मुंबईकडून गावाला आणायचं असेल तर काय काय करावं लागतं हे मला बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. गाव वेंगुर्ल्याकडचं. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंसाठी आले ती इथलीच झाले, नवरा अजून डोंबिवलीला नोकरीत, मुलगी तिकडेच कॉलेजात आणि यादीत माझं नाव पण तिकडेच.

हे सगळं सुरू झालं 2022 च्या जुलैत, आणि तेही राष्ट्रपतीच्या निवडणुकीवरून. आमच्या बचत गटाची मीटिंग असते, लावणीचे दिवस, सगळ्या चिखलातून आलेल्या, कंबर धरून बसलेल्या, आणि हप्ते गोळा करता करता विषय निघाला द्रौपदी मुर्मूंचा. कुणीतरी सांगितलं की त्या आधी शाळेत शिकवायच्या, मग 1997 ला ओडिशातल्या रायरंगपूरला नगरसेविका झाल्या, पुढे झारखंडच्या राज्यपाल. नगरसेविकेपासून इथपर्यंत हे ऐकून बायका एकदम खूश. समोर यशवंत सिन्हा, ते आधी कलेक्टर वगैरे राहिलेले आयएएस, मग देशाचे अर्थमंत्री, त्यांच्या बाजूने बोलणारी एकच, आमची काकी, तिचं म्हणणं बाई आहे म्हणून मत द्यायचं हे काही खरं नाही, काम बघा. प्रतिभाताई पाटील 2007 ला झाल्या तेव्हा पण अशीच चर्चा झालेली म्हणे.

एवढं सगळं रंगलं आणि मग माझी थोरली जाऊ म्हणाली, "पण आमका मत खय आसा? आमी कित्याक भांडतंव?"

गटातल्या एकीची मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते, ती पावसामुळे आईला न्यायला आलेली, तिने सांगितलं की राष्ट्रपतीला मत देतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार, नेमलेले नाहीत, आणि आमदाराच्या मताला किंमत असते, महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताची 175. ती कशी काढतात ते तिने बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. राज्याची 1971 ची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235, भागिले 288 आमदार, भागिले हजार. खासदाराची त्या वर्षी 700, एरवी 708 असायची पण जम्मू काश्मीरची विधानसभा नव्हती म्हणून कमी झाली.

"71 ची कशी?" मी विचारलं, तर म्हणे ते गोठवलेलंच आहे, 2026 नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत तेच आकडे. म्हणजे मी 74 ची, मी त्या हिशोबात नाहीच. आमच्या सासूबाई आहेत. काकी आहे. सगळ्या चाळिशीतल्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, की आपण अजून जन्मलोच नाही.

पण खरी मजा पुढे. तेव्हा शिवसेना फुटून महिनाही झाला नव्हता. सिंधुदुर्गात आमदार तीन, सावंतवाडीचे केसरकर शिंदेंबरोबर, कुडाळचे वैभव नाईक ठाकरेंबरोबर, कणकवलीचे नितेश राणे भाजपचे, आणि ठाकरेंनी पण मुर्मूंनाच पाठिंबा जाहीर केलेला. थोरली जाऊ म्हणते, "तिगय तीन वाटेक आणि मत एकाच बायक? मगे भांडतत कित्याक?" याच्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मुलीने सांगितलं की या निवडणुकीला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा पक्षाचा आदेश, लागत नाही, मत गुप्त, आमदाराला गुलाबी मतपत्रिका आणि खासदाराला हिरवी, नावापुढे 1, 2 असे आकडे लिहायचे आणि पेन पण आयोगच देतो, स्वतःचं चालत नाही.

त्याच आठवड्यात सरपंच परत थेट लोकांनी निवडायचा असा सरकारचा निर्णय झालेला. 2017 ला थेट होता, 2020 ला काढला, आता पुन्हा आणला. मग बोलणं साहजिकच गावाच्या सरपंचावर घसरलं आणि मी पाण्याच्या लायनीवरून काहीतरी तावातावाने बोलायला लागले तर काकीने मला मध्येच तोडलं, "अगो, तुझा नाव खय आसा ता सांग आधी. तू डोंबिवलीची मतदार. हयल्या सरपंचाबद्दल तू कित्याक बोलतस?"

सगळ्यांसमोर. उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच, कारण ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेची जी यादी असते तीच फोडून प्रभागवार करतात, त्यात नाव नाही तर नाही. म्हणजे त्या एकाच यादीतून मी थेट सरपंच निवडणार आणि त्याच यादीतून आमदार, आणि तो आमदार पुढे राष्ट्रपती निवडणार. यादीत मी इथली नाही तर इथलं काहीच माझं नाही.

तर आता प्रोसेस.

तिठ्यावरच्या ई-सेवाच्या पोराकडे गेले, तो म्हणाला मतदारसंघ बदलतोय म्हणजे फॉर्म 6. प्रिंट काढून दिली. पत्त्याचा पुरावा काय आणू विचारलं तर आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, लाईट बिल, पाणी बिल, जमिनीचे कागद यातलं काही पण एक. ऐकायला एकदम सोप्पं. घरी येऊन कपाट उघडलं. लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झाली पण बिल त्यांच्याच नावाने येतं आणि आम्ही त्यांच्याच नावाने भरतो. घरपट्टीची पावती बघितली तर चार भावांचं सामाईक घर, त्यावर आजेसासऱ्यांचं नाव आणि पुढे "व इतर". म्हणजे मी त्या इतर मध्ये. सातबारावर तर विचारूच नका, लग्न होऊन गेलेल्या आत्यांपासून मुंबईत वारलेल्या काकांपर्यंत सगळे आहेत, मी नाही, नवरा पण नाही. कोकणातल्या घरांचं हे असंच असतं, घर उभं असतं पण कागदावर त्यात भुतंच राहतात.

राहता राहिलं आधार, तर त्यावर पत्ता डोंबिवलीचा. एका खिडकीवर मला चक्क सांगितलं की नवऱ्याचं नाव इथे आलं की मग तुमचं करू. नवरा तिकडे नोकरीला, तो इकडचा मतदार कसा होईल? आणि माझं नाव त्याच्यामागून कशाला? तिथे वाद घालत बसले नाही, 1950 ला फोन केला, ती मतदारांसाठीची हेल्पलाईन, तिथल्या मुलीने व्यवस्थित सांगितलं की ज्याचा तो अर्ज, नवऱ्याचा काही संबंध नाही, तुम्ही जिथे राहता तिथे.

मग आधी आधारचा पत्ता बदलायचं ठरवलं. त्यासाठी सरपंचाच्या सहीचं सर्टिफिकेट चालतं पण ते आधारवाल्यांच्या ठरलेल्या नमुन्यातच पाहिजे, फोटो लावून, त्यावर सही शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. ग्रामपंचायतीचा नेहमीचा रहिवासी दाखला नेलात तर परत पाठवतात हे लक्षात ठेवा. सरपंचांनी सही केली आणि हसत हसत विचारलं, "मगे आता मत आमकाच घालतलंस मा?" मी म्हटलं बघूया, पाण्याचं काय होतं ते. पोस्टात आधारचं मशीन आहे, तिथे 50 रुपये भरून पत्ता बदलायला दिला. लाईट असेल तर नेट नाही आणि नेट असेल तर पोस्टातल्या मॅडम नाहीत, पावसाळ्यात हे चालायचंच, पण झालं.

मध्ये 21 जुलैला राष्ट्रपतीचा निकाल लागला, मुर्मूंना 6,76,803 आणि सिन्हांना 3,80,177, हे मतांचं मूल्य हां, माणसं नव्हेत. काकी म्हणाली पडले तरी एवढी मतं काय कमी नाहीत.

नवा पत्ता आधारवर चढेपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि परत त्या पोराकडे गेले तर तो म्हणाला काकू ते सहा फाडून टाका, 1 ऑगस्टपासून फॉर्म बदलले. आता 6 फक्त नव्या मतदाराला. पत्ता बदलायचा, मग तो त्याच मतदारसंघात असो की दुसऱ्या, नावात दुरुस्ती, मतदार कार्ड हरवलं, सगळ्याला फॉर्म 8. आणि एका अर्थी बरंच झालं, कारण आठमध्ये जुना कार्ड नंबर टाकला की नाव हलवलं जातं, नंबर तोच राहतो. आधार नंबर द्यायचा की नाही ते आपल्या मर्जीवर. शेवटी एक प्रतिज्ञापत्र असतं ते मात्र नीट वाचा, खोटं लिहिलं तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मोबाईलवर ओटीपी आला, रेफरन्स नंबर मिळाला, तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

त्यानंतर बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी बघणारी अधिकारी, येते घरी. आमच्याकडे अंगणवाडीच्या बाईच बीएलओ आहेत, त्या आल्या चतुर्थीच्या तोंडावर, घरात साफसफाई, माटवीचं सामान पसरलेलं, मुंबईचे सगळे येऊन ठेपलेले. बाई छत्री पडवीत उलटी ठेवून खुर्चीवर बसल्या आणि विचारायला लागल्या, कधीपासून राहता, घरात कोण कोण, शेजारी कोण ओळखतं. शेजारच्या काकीलाच बोलावलं. मला वाटलं आता ही काय बोलते. काकी म्हणाली, "रवता गे, रवता. रोज पाण्यावरना भांडता, रवल्याशिवाय भांडात?" बाईंनी ते सोडून बाकीचं लिहून घेतलं.

तेवढ्यात आमचे धाकटे भावजी, मुंबईहून आलेले, चहा पीत म्हणाले की वहिनी एवढं कशाला, माझं नाव दोन्हीकडे आहे, कुठे काय बिघडलं, ग्रामपंचायतीला गाडी करून आणतात, मत देतो, मासे खातो, परत जातो. बाईंच्या तोंडावर! बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि गावात नुसतं घर असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, कायद्यातच आहे तसं. भावजी भडकले. देवळाला वर्गणी आम्ही देतो, घराची कौलं आम्ही बदलली, शिमग्याला खर्च आमचा, मग मत का नाही? थोरल्या जाऊने आतून करंज्या तळता तळता आवाज दिला, "घर आसा म्हणान मत गावना नाय, रवतत तेंका गावता."

मला भावजींचं सगळंच चूक वाटत नाही, चाकरमान्यांच्या पैशावर गावं उभी आहेत हे खरंच आहे, पण एप्रिलमध्ये नळाला पाणी येत नाही तेव्हा हंडा घेऊन विहिरीवर ते नसतात, आम्ही असतो. सरपंच कोण हवा ते आम्हीच ठरवायचं. बाईंनी जाताना भावजींना सांगितलं, एक काय ते ठरवा आणि दुसरीकडचं काढायला फॉर्म 7 भरा. ते काही बोलले नाहीत, करंज्या मात्र बाईंना डब्यात भरून दिल्या.

पुढचं सगळं मोबाईलवर दिसत होतं. अर्ज आला की हरकतीसाठी आठवडाभर तरी यादी लावतात, मग मंजुरी. माझा बरेच दिवस एकाच जागी अडकलेला दिसायचा, बाईंना विचारलं तर म्हणाल्या माझ्याकडून गेला, आता वरती आहे. नाकारला असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही नाही झालं तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, मी ते पण वाचून ठेवलेलं, पण वेळ आली नाही. सप्टेंबरात "स्वीकारला" असं दिसलं. कार्ड पोस्टाने नंतर आलं. कार्ड नाही म्हणून मात्र घाबरू नका, यादीत नाव असेल तर दुसरं ओळखपत्र चालतं, आणि यादीत नाव नसेल तर कार्ड हातात असून उपयोग नाही. हे लोकांना उलटंच वाटतं.

18 डिसेंबरला ग्रामपंचायतीचं मतदान झालं. आमचं सरपंचपद महिला राखीव, एक उमेदवार आमच्या बचत गटातलीच. शाळेत रांग, आत गेल्यावर केंद्रावरच्या बाईंनी यादीतला नंबर आणि नाव मोठ्याने वाचलं, उमेदवारांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत टिक करत बसलेले आणि त्यातली एक आमची काकी, समोरच्या पार्टीची. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हरकत घ्यायला जागा नव्हती, मग टिक केली. सरपंचाचं एक बटण आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी, सगळी दाबली की मगच मशीन वाजतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

आमच्या गटातली उमेदवार पडली. थोड्या मतांनी पडली, आणि जी निवडून आली ती काकीची. आता पाण्याच्या लायनीचं बोलायला मी तिच्याकडेच जाते आणि ती ऐकून घेते, कारण पुढच्या वेळेस मी मत देणार आहे हे तिला माहीत आहे.

भावजींचा जानेवारीत फोन आला, रिटायर झाल्यावर गावीच यायचं म्हणतायत, नाव आणायला काय काय लागेल. म्हटलं फॉर्म नंतर, आधी लाईट बिल तुमच्या वडिलांच्या नावावरून काढायचा अर्ज करूया, चारही भावांच्या सह्या लागतील, शिमग्याला याल तेव्हा सगळ्यांना घेऊन या.