तक्रारी फक्त ८ आणि ९ वाल्यांच्याच

रिपोर्ट उघडत नाही, ही तक्रार जुनीच. पण एका दुपारी सगळ्या तक्रारी एक्सेलमध्ये टाकून सॉर्ट केल्या, तर जवळजवळ सगळे ग्राहक क्रमांक ८ नाहीतर ९ ने सुरू होणारे. १ वाल्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

मीटरची रीडिंगं आम्ही एचबेसमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या डेटाबेसमध्ये, ठेवतो. रो-की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, ही ग्राहक क्रमांक आणि त्याला चिकटून वेळ. उत्तर खरं तर त्या एक्सेलमध्येच होतं, तरी मी दोन दिवस जीसी (जावाची मेमरी साफसफाई) आणि नेटवर्कच्या मागे लागलो. नेटवर्क शांत होतं, आणि तेच फसवं निघालं.

शेवटी कोड उघडला. स्कॅनला, म्हणजे ओळीमागून ओळ वाचण्याला, प्रीफिक्सफिल्टर लावलेला. म्हणजे रो-कीची सुरुवात हव्या त्या प्रीफिक्सने, इथे ग्राहक क्रमांकाने, होते का हे बघणारी चाळणी. स्टार्ट रोचा, म्हणजे वाचन जिथून सुरू करायचं त्या की-चा, पत्ता नाही. एचबेसमध्ये ओळी रो-कीच्या बाइटक्रमाने लावलेल्या असतात. पण आमच्या आवृत्तीतला हा फिल्टर समोर आलेली ओळ ठेवायची की गाळायची, एवढंच बघत होता. वाचायला कुठून लागायचं, ते स्कॅनला आपण सांगायचं. आम्ही सांगितलं नाही, म्हणून तो टेबलाच्या पहिल्या ओळीपासून रीजनमागून रीजन (टेबलाचे सलग तुकडे) वाचत निघायचा. नको त्या ओळी सर्व्हरवरच गळायच्या, म्हणून नेटवर्कवर काही दिसेना. प्रीफिक्स मागे पडला की फिल्टर थांबतो, म्हणून १ वाले सुखात.

उपाय दोन ओळींचा. स्टार्ट रो म्हणजे प्रीफिक्स, आणि स्टॉप रो म्हणजे त्याचाच शेवटचा बाइट एकने वाढवून. स्टॉप रो स्वतः निकालात येत नाही. शेवटचा बाइट २५५ असेल तर तो टाकून आधीचा वाढवायचा. हे करणारी सेटरोप्रीफिक्सफिल्टर नावाची मेथड एचबेसमध्ये आहेच. नावात फिल्टर असून ती फिल्टर लावतच नाही! २.५ मध्ये तिला निवृत्त करून दुसरं, भलंमोठं नाव दिलं.

वेग आला आणि झाकलेली भानगड वर आली: ४५२१ च्या रिपोर्टमध्ये ४५२१० ची रीडिंगं. क्रमांकांची लांबी सारखी नाही आणि मध्ये खूण नाही, मग दुसरं काय होणार? आता क्रमांकानंतर # घालायचं ठरलं. त्याचा बाइट ३५, पुढचा ३६ म्हणजे $. म्हणजे ४५२१# पासून ४५२१$ च्या अलीकडपर्यंत. रो-की जागच्या जागी बदलता येत नाही, त्यामुळे सगळं नव्या टेबलात लिहिणं आलं. वेळ १३ अंकी मिलिसेकंदांत होती म्हणून निभावलं. उजवीकडून १३ अंक मोजून जुनी की तोडली. हात लावलाच आहे तर, म्हणून लाँगच्या (जावातल्या ६४ बिटी पूर्णांकाच्या) कमाल किमतीतून वेळ वजा करून ठेवली. ताजं रीडिंग आधी.

दुसऱ्या दिवशी एका ९ वाल्याचा फोन. रिपोर्ट लगेच उघडतो म्हणाला, पण आलेख उलटा आहे.