होओपोनोपोनो: आधी एकटीने, मग सगळ्यांसोबत (माझा अनुभव)

बाबा गेल्यावर माझं आणि दादाचं बिनसलं ते बिनसलंच. कारण घरोघरचंच, आजारपणात केलं कोणी आणि नुसते पैसे पाठवले कोणी, त्यात गावच्या घराचा विषय निघाला आणि बोलणंच बंद झालं. रात्री झोप नाही, मनातल्या मनात त्याच्याशी भांडण चालू. योगा क्लासमधली मैत्रीण म्हणाली होओपोनोपोनो कर, हवाई बेटांवरची माफीची पद्धत आहे, चारच वाक्यं सारखी म्हणायची: आय अ‍ॅम सॉरी, प्लीज फरगिव्ह मी, थँक यू, आय लव्ह यू.

आईची तुळशीची माळ घेऊन बसायला लागले. पण ‘मला माफ कर’ म्हटलं की बोटातला मणी पुढे सरकायचाच नाही, हॉस्पिटलात रात्री मी जागवल्या आणि माफी पण मीच मागू का? मैत्रीण म्हणाली अगं दादाला नकोच म्हणूस, स्वतःला म्हण. मग आरशासमोर सुरू केलं, आधी हसूच यायचं आणि एक दिवस असं काही रडू फुटलं की कामवाल्या मावशी घाबरल्या. झोप लागायला लागली हे मात्र खरं. दादावरचा राग होता तिथेच.

मग जरा वाचलं तर कळलं की एकट्याने करायचा हा प्रकार तसा अलीकडचा. मोर्ना सिमिओना म्हणून हवाईतल्या पारंपरिक उपचार करणाऱ्या बाई होत्या, त्यांनी १९७०च्या दशकात जुन्या पद्धतीत बदल करून तो बसवला, आणि ही चार वाक्यं जगभर पोचली ती त्यांचे शिष्य ह्यू लेन यांच्यामुळे. आयुष्यात जे घडतं त्याची शंभर टक्के जबाबदारी आपलीच असं ते सांगायचे, ते मला अजिबात पटत नाही, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला काय सांगणार मग?

जुनी पद्धत म्हणजे अख्ख्या कुटुंबाची बैठक. मेरी कावेना पुकुई या हवाईयन अभ्यासक बाईंनी १९७२ मध्ये ती नीट लिहून ठेवली. घरातलं किंवा बाहेरचं, सगळ्यांचा विश्वास असलेलं वडीलधारं माणूस बैठक चालवतं. सुरुवात प्रार्थनेने, मग मूळ चूक काय आणि तिच्यातून गुंता कसा वाढत गेला ते एकेक करून सोडवायचं. मला आवडलं ते हे की एकमेकांशी बोलायचंच नाही, जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं, आणि कोणी तापलं की तो सगळ्यांना गप्प बसवतो, त्या गप्प बसण्याला होओमालू म्हणतात. मग माफी मागायची, द्यायची, दोघांनीही तो विषय सोडून द्यायचा, परत उकरायचा नाही, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

आमच्याकडे असं माणूस एकच, मामा. त्याला सगळं समजावलं तर म्हणाला हवाई बिवाई मला कळत नाही पण बसा दोघं. दादा सुट्टीवर आला तेव्हा बसलो, वहिनी पण. मामाने देवाला दिवा लावला आणि म्हणाला जे बोलायचं ते माझ्याकडे बघून. विचित्र वाटतं हो, भाऊ शेजारी बसलाय आणि आपण त्याच्याबद्दल मामाला सांगतोय! पण त्यामुळे आवाज चढत नाही. दादा मामाला म्हणाला, “तिकडे रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा, हिला वाटतं मी पैसे पाठवून मोकळा झालो.” मी लगेच तोंड उघडलं तर मामाने हात वर केला, बराच वेळ सगळे गप्प, आत मामी पुऱ्या तळत होती तेवढाच काय तो आवाज. त्या वेळात माझा राग निम्म्यावर आला. मग सॉरी दोघंही म्हणालो, दादा आधी.

माळ अजून अधूनमधून घेते, झोपेसाठी बरी पडते. गावच्या घराचं काहीच ठरलेलं नाही, मामाने तो विषय त्या दिवशी काढूच दिला नाही, त्यासाठी वकील आहे म्हणाला.