चिकू कोणाकडे आहे?

दोन महिने झाले, हे लिहायचं म्हणून बसते आणि बंद करून उठते. आज लिहूनच टाकते.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको, शुक्रवारी पाणी बंद असा मेसेज ग्रुपवर आला की गुरुवारी रात्री घरातलं मिळेल ते भांडं भरून ठेवायचं. बादल्या, टब, पिंप, अगदी कुकरसुद्धा. त्या शुक्रवारी नणंद आणि तिचे मिस्टर आले होते, म्हणजे घरात आम्ही पाच मोठी माणसं आणि पंधरा महिन्यांची चिकू एकटी. मी ओट्यापाशी पोह्यांना फोडणी देत होते आणि मला वाटत होतं की चिकू बाबाकडे आहे, नवऱ्याला वाटलं आजीकडे, सासूबाईंना वाटलं आत्याकडे, आणि आत्या तर मला कोथिंबीर निवडून देत होती.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. कोथिंबीर धुवायला पाणी घ्यावं म्हणून मी गेले तर बादलीच्या काठावर चिकूचं पोट, दोन्ही पाय वर, आणि डोकं आत. लाल मग शेजारी तरंगत होता, त्याच्यासाठीच वाकली असणार. आवाज काही म्हणजे काही नाही. फ्रॉकला धरून ओढलं तेव्हा ती खोकली आणि मग रडली, आणि ते रडणं ऐकून मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी काही तास लक्ष ठेवायला ठेवून घेतलं, चिकू ठणठणीत आहे. पण डॉक्टर जे बोलले ते आधी कोणीच सांगितलं नव्हतं. एवढ्या लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तोल गेला की डोकं आधी जातं आणि हातात स्वतःला वर उचलायची ताकद नसते. आणि भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही, रिकामी असती तर पडली तरी असती. दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरतं म्हणे. मेंदूला चार-सहा मिनिटं ऑक्सिजन नाही मिळाला की कायमची इजा होऊ शकते, आणि पोह्यांना वाफ आणायला मला त्याहून जास्त वेळ लागतो हो.

बुडणारं मूल हाका मारेल, हात हलवेल असं आपण धरून चालतो. ज्याला श्वासच घेता येत नाही ते ओरडणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले, त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. मी आपली पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर जाणाऱ्या पोरांच्या बातम्या वाचून हळहळायचे आणि घरातली बादली मला कधी दिसलीच नाही.

त्या दिवशी पाच जण घरात नसते, मी एकटीच असते, तर हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. सगळे असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून आता आमच्याकडे चिकूला तोंडाने सोपवायचं, "चिकू तुझ्याकडे" म्हणायचं आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. सासूबाईंना आधी हे जरा चमत्कारिक वाटलं, आता देवळात निघतानाही त्या आधी विचारतात, चिकू कोणाकडे आहे? बाथरूमला बाहेरून वर कडी लावलीये, पाणी भरलं की झाकण, आणि वापरून झालं की बादली पालथी.

सोसायटीच्या पूलवर तर मी हाताच्या अंतरावरच असते. लाइफगार्ड आहे, दंडाला फुगे बांधलेत, म्हणून मोबाइल बघत बसणाऱ्या आयाबाबांना मी आता जाऊन सांगते, वाईट वाटलं तरी चालेल. आणि हे पण सांगते की बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका, श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचे, छाती दाबायची, दुसऱ्याने १०८ लावायचा. एकदा नीट शिकून घ्या, मी आणि नवरा दोघंही शिकलो.

जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला मागच्या आठवड्यात कुलूप लागलं. पूलच्या गेटची कडी मात्र अजून तुटलेलीच आहे, आपोआप बंद होत नाही, रविवारच्या मीटिंगमध्ये परत विषय काढणार आहे.